नवागत विद्यार्थी आणि राजदंड

आणखी दीड-दोन महिन्यांनी आपल्या या गावातल्या कित्येक घरांत एकच लगबग सुरू होईल. मुलाची वळकटी बांधली जाईल, मुलीच्या ट्रंकेवर नाव रंगवले जाईल, आई लाडवांचा डबा भरील आणि वडील एस. टी. सुटेपर्यंत ‘पत्र टाक, फोन कर’ हे दहा वेळा सांगतील. पण एक प्रश्न त्यांच्या मनात असतो आणि ओठांवर मात्र येत नाही. ‘तिथली मोठी मुले याचे काय करतील?’ तो प्रश्न सभ्य समाजात उघड विचारण्याची आपल्याकडे चाल नाही. आजच्या व्याख्यानात तो उघड विचारावा आणि राजसत्तेने त्याला वेळोवेळी काय उत्तर दिले, त्याचा इतिहास सांगावा, असे मी योजिले आहे.

मराठीत या प्रकाराला स्वतःचा शब्द नाही. आपण ‘रॅगिंग’ म्हणतो. थट्टा, चेष्टा, खोडी, छळ हे सर्व शब्द आपल्याजवळ आहेत. परंतु थट्टेपासून छळापर्यंतचा सगळा उतार एकाच शब्दात सांगावयाचा झाला, तर आपल्याला इंग्रजांच्या दारी जावे लागते. शब्द बाहेरून आला म्हणून हा रोगही अलीकडे साहेबाबरोबर आला, असा पुष्कळांचा समज आहे. रोग फार जुना आहे, आणि त्यावरचा कायदाही जवळजवळ दीड हजार वर्षांचा आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल.

चौथ्या शतकातल्या अथेन्सपासून आरंभ करू. रोमन साम्राज्यातली तरुण मुले वक्तृत्वशास्त्र शिकण्यासाठी त्या नगरीत येत. पुढे ख्रिस्ती धर्माचा मोठा आचार्य म्हणून प्रसिद्धीस आलेला नाझियान्झसचा ग्रेगरी तिथे शिकत होता. आपला मित्र बेसिल याच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणात त्याने नवागताचे काय होत असे, ते सांगून ठेवले आहे. मुलगा गावात उतरला रे उतरला, की निरनिराळ्या गुरूंच्या शिष्यांच्या टोळ्या त्याला पकडावयास टपलेल्या असत. मग त्याची यथेच्छ टिंगल. त्यानंतर दोन-दोनांच्या रांगा करून त्याला बाजारातून सार्वजनिक स्नानगृहाकडे मिरवीत नेत. तिथे पोहोचल्यावर एकच आरडाओरड, दारावर धक्के, आत जाऊ देत नाही असा बहाणा. नवखा पुरता घाबरला म्हणजे दार उघडावयाचे. स्नान करून तो बाहेर आला की बरोबरीचा झाला. ग्रेगरीला हा प्रकार फारसा भयंकर वाटत नाही. पण बेसिल यावयाचा होता तेव्हा त्याने मोठ्या मुलांची मने वळविली आणि बेसिलला यातून सूट मिळवून दिली, हे तो अभिमानाने सांगतो. प्रथा निरुपद्रवी होती, तर मित्राला तीतून सोडविण्याची एवढी खटपट कशाला? हा प्रश्न ग्रेगरीला सुचला नाही. आजही ‘आमच्या वेळी नुसती गंमत असे’ म्हणणाऱ्या गृहस्थांना तो सुचत नाही.

त्याच शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज येथे ऑगस्टीन हा दुसरा एक पुढचा संत प्रथम विद्यार्थी आणि मग शिक्षक होता. तिथल्या दांडग्या विद्यार्थ्यांची एक टोळी स्वतःला ‘उलथापालथ करणारे’ असे अभिमानाने म्हणवीत असे. नवख्या, लाजऱ्या मुलांची भीड चेपण्यासाठी त्यांची विटंबना करणे आणि वाटेल त्या वर्गात घुसून धुमाकूळ घालणे हा त्यांचा उद्योग. ऑगस्टीन ३८३ साली कार्थेज सोडून रोमला गेला, त्याचे एक कारण हेच. आपल्या आत्मकथनात तो एक मार्मिक गोष्ट सांगतो: ही कृत्ये कायद्याने शिक्षा व्हावी अशीच आहेत, परंतु रूढी त्यांची पाठीराखीण होऊन बसली आहे. आपल्याकडे ‘शास्त्राद्रूढिर्बलीयसी’ म्हणतात, त्याहून हे निराळे काय आहे? आजचा सगळा विषय या एका निरीक्षणात आला आहे म्हणाना.

आता बैरुतकडे वळू. आजच्या लेबनॉनमधल्या या बंदरात त्या काळी रोमन कायद्याची सर्वांत नामांकित शाळा होती. पाचव्या शतकाच्या अखेरीस तिथे शिकावयास गेलेल्या झकारियस नावाच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवले आहे की, पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकताना दुसऱ्या वर्षाची मुले आपली काय गत करतील या धास्तीने त्याला ग्रासले होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना एक नावही होते, ‘दुपोंदी’ म्हणजे दोन दिडक्यांचे! जे पुढे न्यायाधीश आणि वकील व्हावयाचे, त्यांचे न्यायशास्त्राच्या दारात स्वागत व्हावयाचे ते असे.

या शाळेसाठी आणि कॉन्स्टँटिनोपलच्या शाळेसाठी सम्राट जस्टिनियन याने १६ डिसेंबर ५३३ रोजी एक राजाज्ञा काढली. आठ आचार्यांना उद्देशून काढलेल्या या आज्ञेत कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखून दिला आहे. तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत, की त्या वाचताना तो सम्राट आपल्याच एखाद्या कुलगुरूसारखा वाटू लागतो. पहिली ही, की ‘दोन दिडक्यांचे’ हे हिणकस नाव त्याने रद्द केले आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनी स्वतःला ‘नवे जस्टिनियन’ म्हणवावे असे ठरविले. हलक्या नावाच्या जागी सम्राटाने स्वतःचे नाव देणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे मनाई. नवीन येणाऱ्या सहाध्यायांशी आणि गुरुजनांशीही कोणी हीन दर्जाच्या, गुलामांना शोभणाऱ्या ‘थट्टा’ करू नयेत, असे त्याने बजावले. आणि ज्यांतून गुन्हे उपजतात त्यांना थट्टा तरी कोणी म्हणावे, असे विचारले. थट्टेची मस्करी आणि मस्करीची कुस्करी कशी होते, हे आपल्या आजीबाईंइतकेच त्या सम्राटालाही ठाऊक होते!

पण नुसती मनाई करून जस्टिनियन थांबला नाही. अंमलबजावणी कोणी करावयाची, तेही त्याने सांगितले. राजधानीत ते काम नगरपालाचे, बैरुतमध्ये प्रांताचा अधिकारी, तिथला धर्माध्यक्ष आणि खुद्द कायद्याचे प्राध्यापक यांचे. जबाबदारी नावनिशीवार टाकली, हे ध्यानात ठेवा. आपल्या कायद्यांना हे सुचावयाला फार वेळ लागला. राजाज्ञेचा बैरुतमध्ये कितपत उपयोग झाला असता, हे पाहावयास काळाने फारशी सवड दिली नाही. ५५१ साली भूकंपाने ते शहरच जमीनदोस्त केले.

मध्ययुगातील युरोपात विद्यापीठे निघाली, तेव्हा हा प्रकार नव्या नावाने पुन्हा उगवला. पॅरिसमध्ये नव्या विद्यार्थ्याला ‘पिवळ्या चोचीचा’ म्हणत. आपण ‘मिसरूड न फुटलेला’ म्हणतो त्यातलाच प्रकार. त्याच्याकडून मेजवानीसाठी पैसे उकळण्याचा प्रघात इतका वाढला, की १३४० साली पॅरिस विद्यापीठाला नियम करावा लागला: एका घरात राहणाऱ्या सोबत्यांना किंवा आपखुशीने दिलेल्या देणगीखेरीज नवागताकडून कोणी काही घेईल, तर तो विद्यापीठातल्या मानसन्मानाला मुकेल.

जर्मनीत गोष्ट याहून पुढे गेली. तिथे नवागत हा शिंगे आणि सुळे असलेला एक ओंगळ पशू आहे, अशी कल्पना करून त्याला माणसात आणण्याचा विधीच रूढ झाला. डोक्याला शिंगांची टोपी बांधावयाची, तोंडात मोठाले दात बसवावयाचे, आणि मग लाकडी कुऱ्हाड, करवत, रंधा व कानस घेऊन ती शिंगे तोडावयाची, ते दात उपटावयाचे, अंग तासावयाचे! शेवटी जिभेवर मीठ आणि डोक्यावर मद्य. एवढे झाले की पशूचा विद्यार्थी झाला. त्यानंतरच्या मेजवानीचा खर्च मात्र त्या नव्या माणसानेच करावयाचा. आश्चर्य याचे, की विद्यापीठांनी हा विधी बंद करण्याऐवजी आपल्या हाती घेतला. त्यासाठी अधिकारी नेमला आणि दाखलाही देऊ लागले. रूढी मोडवत नसेल तर तिला शिस्त लावावी, असा त्यांचा हिशेब असावा. तो साफ चुकला.

सतराव्या शतकात, विशेषतः तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८–१६४८) जर्मन समाज रानटी झाला असता, या विधीच्या पाठीमागून खरी गुलामगिरी आली. नवागताला ‘पेनाल’ म्हणजे लेखणीची पेटी म्हणत. जुने विद्यार्थी म्हणजे त्याची लोकर कातरणारे. एका प्रांतातल्या मुलांचे एक मंडळ असे आणि त्या मंडळातल्या जुन्यांची नव्याने वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चाकरी करावयाची. चांगले कपडे त्यांनी काढून घ्यावयाचे, याने फाटके घालावयाचे. घरून आलेल्या पैशांवर त्यांनी चैन करावयाची आणि वर मारही द्यावयाचा. वर्ष संपले की हाच मुलगा जुना होई आणि पुढच्या वर्षीच्या पोरांवर सगळा वचपा काढी. आपल्याकडच्या सासुरवासाशी याचे साम्य इतके उघड आहे, की मी ते अधिक उलगडून सांगत नाही.

विद्यापीठे याविरुद्ध फर्मानांवर फर्माने काढीत होती. ती निष्फळ का ठरली? कारण अगदी व्यवहारी आहे. एका विद्यापीठाने दांडगटाला काढून लावले, की तो शेजारच्या विद्यापीठात जाई. त्याचे सगळे मंडळही त्याच्या पाठोपाठ निघून जाण्याची धमकी देई, आणि त्यांच्याबरोबर फी, खोल्यांची भाडी, खानावळींचा धंदा हे सारे जाई. शेजारचे विद्यापीठ तर वाटच पाहत असे! या दुष्टचक्रातून सुटण्याचा मार्ग १६५४ साली रेगेन्सबुर्गच्या साम्राज्यसभेत निघाला. या अपराधासाठी एका विद्यापीठाने काढून लावलेल्याला दुसऱ्या कोणीही घेऊ नये, असे ठरले. प्रत्यक्षात सर्वांनी हातात हात घालून तो अंमलात आणावयास १६६०–६१ उजाडले. पण त्यानंतर तो माजलेला प्रकार मोडला. शिंगे तोडण्याचा विधी खिळखिळा होऊन अठराव्या शतकात संपला. शिक्षा कडक झाली म्हणून हे घडले नाही. हकालपट्टी पूर्वीही होतीच. आता ती अपराध्याच्या पाठोपाठ गावोगाव जाऊ लागली, एवढाच काय तो फरक. वाळीत टाकण्याचा धाक आपल्या खेड्यांत का होता? पुढच्या गावातही पंगतीला कोणी घेत नसे म्हणून. ते शस्त्र आपल्याकडे जातिपंचायतींनी निरपराधांवर चालविले आणि महाराष्ट्राला २०१६ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला, ही गोष्ट निराळी.

अमेरिकेचा इतिहास थोडक्यात सांगतो. त्यातला एक धागा मात्र मला सोडवत नाही. तिथे १८७४ साली राष्ट्रीय विधिमंडळाने आरमारी विद्यालयातील छळाविरुद्ध कायदा केला: लष्करी न्यायालयापुढे चौकशी, दोषी ठरल्यास हकालपट्टी, आणि पुन्हा नेमणूक कधीही नाही. १८९४ साली न्यूयॉर्क राज्याने असा कायदा केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मेजवानीत दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी, गंमत म्हणून, क्लोरीन वायू सोडला. त्यात मेली ती स्वयंपाकाला आणलेली एक काळी बाई. तिचा या मुलांच्या भांडणाशी काय संबंध? चौकशी झाली, परंतु ज्यांच्यावर संशय होता त्यांनी साक्ष देण्याचे नाकारले. प्रश्न राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला, आणि स्वतःला गोवणारे उत्तर देण्याची सक्ती साक्षीदारावर करता येत नाही असा निर्णय झाला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. त्या बाईच्या मृत्यूबद्दल मात्र कोणालाही शिक्षा झाली नाही.

पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून बाहेर पडलेला एक तरुण १९०० च्या डिसेंबरात वारला. तिथे पाजलेल्या जहाल तिखटाने त्याचा घसा कायमचा बिघडला, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे. विधिमंडळाने चौकशी केली आणि १९०१ साली तिथेही कायदा आला. त्या चौकशीत साक्षीला उभ्या केलेल्यांत एक विद्यार्थी होता डग्लस मॅकआर्थर. दुसऱ्या महायुद्धाचा सेनापती तो हाच. त्याचा स्वतःचा छळ झाला होता. तरीही छळणाऱ्यांची नावे सांगताना त्याने होता होईल तो टाळाटाळ केली आणि पुढे त्याबद्दल त्याचे कौतुकही झाले! जो सोसतो तोच झाकतो, आणि झाकणाऱ्याला मर्द म्हणतात. ऑगस्टीनची रूढी ती हीच.

आता घराकडे येऊ. भारतात या विषयावर पहिला ठळक कायदा तमिळनाडूने १९९७ साली केला. त्याला निमित्त भीषण होते. नोव्हेंबर १९९६ मध्ये तिथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलाचा वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने खून केला. आरोपीला खालच्या न्यायालयाने दोषी धरले, उच्च न्यायालयाने सोडले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोषी ठरविले. केरळचा कायदा १९९८ सालचा. शेजारच्या श्रीलंकेतही त्याच वर्षी झाला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ सालचा, म्हणजे देशातल्या आरंभीच्या कायद्यांपैकी आहे.

हा आपला कायदा लहान आहे. अर्ध्या तासात वाचून होतो. व्याख्या व्यापक आहे. शरीराला वा मनाला इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असे कोणतेही वर्तन तीत येते. आणि विद्यार्थी एरवी आपण होऊन करणार नाही असे काही त्याला करावयास सांगणे, हेही येते. केवळ ‘सांगणे’ पुरे, हे महत्त्वाचे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला महाविद्यालयातून काढावयाचे आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश द्यावयाचा नाही. रेगेन्सबुर्गची युक्ती ती हीच! तक्रार विद्यार्थ्याने, पालकाने वा शिक्षकाने केली, तर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडावयाची. ते न करील तर? तर त्याने या गुन्ह्याला साहाय्य केले असे धरून त्यालाही तीच शिक्षा. प्राचार्यांना तुरुंगाची वाट दाखविणारे हे कलम माझ्या मते या कायद्याचा कणा आहे.

असे मत होण्याला माझा स्वतःचा एक अनुभव कारण आहे. हा कायदा होण्यापूर्वी मी काही वर्षे एका वसतिगृहाचा अधीक्षक होतो. कोणते, ते सांगण्याचे कारण नाही. एका रात्री दोनच्या सुमारास पहिल्या वर्षाचा एक मुलगा अंथरुणाची गुंडाळी घेऊन व्हरांड्यात उभा दिसला. ‘काय रे?’ म्हटले, तर ‘डास चावतात, सर’ एवढेच बोलला. अंगात शर्ट नव्हता आणि थंडी तर होती. आठ दिवसांनी त्याचे वडील आले. साधा शेतकरी माणूस. मी चौकशीचे बोलू लागताच त्यांनी हात जोडले. ‘सर, चौकशी करू नका. पोराला हितंच चार वर्षं काढायचीत.’ तरी मी मुलांना बोलावले. कोणी काही पाहिले नव्हते, कोणी काही ऐकले नव्हते, आणि तो मुलगाही मान खाली घालून तेच म्हणाला. मी नोंदवहीत ‘चौकशीअंती काही आढळले नाही’ असे लिहून सही केली. दिवाळीला तो मुलगा घरी गेला, तो परत आला नाही. सही करताना माझ्यावर कसलेही दडपण नव्हते. न करण्याचा कसला धाकही नव्हता.

कायदे झाले तरी नोंदवह्या कोऱ्याच राहिल्या, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ साली त्याने सर्व संस्थांना मार्गदर्शक आदेश दिले. पुढे आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिचा अहवाल २००७ साली आला. त्यानंतरही मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीत मरण पावला. पुढील वर्षी चौघांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. त्या मृत्यूनंतर न्यायालयाच्या आदेशाने विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २००९ मध्ये सगळ्या देशासाठी नियम केले. गुन्हा घडल्याचे दिसल्यास चोवीस तासांत पोलिसांत वर्दी, प्रत्येक संस्थेत समिती आणि गस्तीपथक, नाव न सांगताही तक्रार करता येईल अशी दूरध्वनीची सोय. गुन्हेगार ओळखू येत नसतील तर सामूहिक शिक्षा, असेही एक कलम आहे. ते मला आवडत नाही. निरपराध मुलाला शिक्षा करून साक्षीदार मिळतो, हा न्याय नव्हे. फार तर निरुपाय. पण कॉर्नेलची ती स्वयंपाकीण आठवली की मीही गप्प बसतो.

फ्रान्सने १९९८ च्या कायद्यात आणखी एक पळवाट बुजविली आहे. ‘त्याने आपखुशीने केले’ ही सबब तिथे चालत नाही. संमती असो वा नसो, अपमानास्पद कृत्य करावयास लावणे हाच गुन्हा. आणि आपल्याकडे २०१६ साली आयोगाने व्याख्येत भर घातली, ती तर महाराष्ट्राने विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. जात, धर्म, वर्ण, लिंग, भाषा, जन्मस्थान, आर्थिक स्थिती यांवरून विद्यार्थ्याचा शारीरिक वा मानसिक छळ करणे, त्याला बाजूला टाकणे, हेही आता रॅगिंगच आहे. वसतिगृहात ‘तुझे आडनाव काय?’ हा प्रश्न कोणत्या सुरात विचारला जातो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दुरुस्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.

शेवटी आपल्या सर्वांच्या हातात येणाऱ्या एका कागदाविषयी. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याकडून आणि पालकाकडून प्रतिज्ञापत्र घेतात. बहुतेक बाप ते रांगेत उभ्या-उभ्या, दुसऱ्याच्या पाठीवर कागद ठेवून सही करून देतात. मीही माझ्या मुलीच्या वेळी तसेच केले. घरी आल्यावर ते सावकाश वाचले. त्यात पालकाला लिहून द्यावे लागते की, आपण हे नियम वाचले आहेत, आपला पाल्य कोणाचा छळ करणार नाही, आणि या कारणावरून देशातल्या कोणत्याही संस्थेने त्याला आजवर काढून लावलेले नाही किंवा प्रवेश नाकारलेला नाही. हे शेवटचे वाक्य १६५४ सालच्या त्या सभेचे आहे.